रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख, हळदीकुंकवाला आतल्या खोलीत: आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायका

मलप्रभा | १२ डिसेंबर
नमस्कार मंडळी. संक्रांत महिन्यावर आली, म्हणून आत्ताच विचारून ठेवते.

आम्ही बेळगावातल्या शहापूरचे. सासूबाईंनी सत्तरी ओलांडलीय, सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं घरातली सगळ्यात मोठी बाई रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख असते, म्हणून कार्डावर पहिला फोटो त्यांचा. २०२३ मध्ये कर्नाटकाची गृहलक्ष्मी योजना सुरू झाली तेव्हा महिन्याचे २००० सुद्धा त्यांच्याच खात्यात यायला लागले. म्हणजे सरकारदरबारी आमच्या घराच्या मालकीणबाई त्याच.

संक्रांतीला मी हळदीकुंकू करते. आदल्या दिवशी लाडू त्याच वळतात, तिळगुळाच्या पुड्या त्याच बांधतात, कुणाला बोलावणं राहिलं याची आठवणही त्याच करून देतात. आणि बायका यायची वेळ झाली की टीव्हीचा आवाज बारीक करून आतल्या खोलीत जाऊन बसतात. दार पुढं ओढून घेतात. बायका गेल्या की विचारतात, "वाण पुरलं काय गे?"

यंदा त्यांना बाहेर बसवायचं आणि हळदकुंकू लावायचं माझ्या मनात आहे. नवरा म्हणतो आईलाच विचार. विचारलं, तर "मरूंदे गे, बायकांना बरं वाटत नाही."

कुणी आपल्या घरात हे केलंय का? बायका काय बोलल्या? आणि तुमच्या गावात म्हाताऱ्या बायकांचं एकूण कसं चाललंय, तेही लिहा.

रताळं | १२ डिसेंबर
दोन हजार सासूबाईंना येतात ना? मग वाण पण त्यांनीच देऊ दे की. सून कशाला मध्ये 😀

कडोलीकर | १२ डिसेंबर
आमच्यात गृहलक्ष्मीवरनं महाभारत झालंय. कार्ड वेगळं करा म्हणून सून बसलीय, आई म्हणते मी मेल्यावर करा. तेव्हा खात्याच्या मंत्रीणबाई आपल्याच बेळगाव ग्रामीणच्या, त्यांनी योजना काढली आणि भांडण आमच्या सोप्यात. आईनं मात्र आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं पासबुक पिशवीत घालून ठेवलंय. पिशवी उशाखाली.

निपाणीची_सून | १३ डिसेंबर
मलप्रभाताई, तुमच्याकडं निदान आतली खोली तरी आहे. आमच्या गल्लीत एका खोलीत चौघं राहतात. म्हातारीनं जायचं कुठं? उंबऱ्याबाहेर बसते आणि बिड्या वळते.

माझ्या सासूबाई लहानपणापासून बिडीत. मी लग्न होऊन आले तेव्हा नुसती बघत बसायची. मांडीवर सूप. भिजवलेलं पान पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीनं कापायचं, चिमूटभर जर्दा घालून बोटांत फिरवायचं, तोंड दुमडायचं, दोरा मारायचा. हातांकडं बघतसुद्धा नव्हत्या, नजर रस्त्यावर, तोंडानं गल्लीच्या बातम्या. संध्याकाळी कारखान्यात माल दिला की तिथला माणूस मूठभर बाजूला काढणार, ही छाट. छाटीचे पैसे नाहीत, पण पान-तंबाखू आमचाच गेलेला.

आता नजर गेली, खोकला आहे. पीएफची पेन्शन येते ती किमान म्हणतात तेवढी, हजार रुपये. २०१४ ला हजार ठरले ते हजारच आहेत. आणि गंमत म्हणजे आयुष्यभर पानं घासून बोटांच्या रेषा गेल्यात, मशीनवर अंगठाच उमटत नाही. रेशनला गेलं की "आज्जी, पुसून लावा." पुसून लावतात. "परत लावा." मागं रांग थांबलेली. कुटुंबप्रमुख म्हणे.

यावर काही उपाय असेल तर सांगा कुणीतरी.

गावकामगार | १३ डिसेंबर
धागा वाचला. रागावू नका, पण प्रत्येक रिवाजात अन्याय शोधायची आता फॅशन झालीय. माझी आई विधवा आहे, पंचाहत्तरीची आहे, आणि घरात तिच्या शब्दाबाहेर कुणी नाही. देवघर तिचं, तिजोरीची किल्ली तिची. ती स्वतःच कुंकू लावून घेत नाही. वडिलांची आठवण म्हणून ती तसं राहते. तिला बळंच बाहेर आणून कुंकू लावणं हा कसला मान? ज्याला त्याला आपल्या मनाप्रमाणं राहू द्या.

घटप्रभाकाठ | १३ डिसेंबर
गावकामगार, "स्वतःच लावून घेत नाही" याबद्दल थोडं.

आपल्या सगळ्यांच्या घरचं दैवत सौंदत्तीची यल्लम्मा, निदान बायकांचं तरी. मार्गशीर्षातली पुनव म्हणजे रांडाव पुनव. जमदग्नी गेले, देवी विधवा झाली म्हणून त्या दिवशी बांगड्या फोडतात. माघातली पुनव आली की अहेव पुनव, देवी पुन्हा चुडा भरते. माझी आज्जी दरवर्षी रांडाव पुनवेला रडायची आणि माघात बांगड्या घेऊन डोंगरावर जायची. देवीसाठी. स्वतः आजोबा गेल्यापासून मोकळ्या हातानं.

मी लहान असताना विचारलं होतं, देवी परत बांगड्या भरते, तू का नाही? तिनं मला गप बस म्हटलं नाही. म्हणाली, "देवीला कोण बोलणार बाबा?"

एवढंच सांगायचं होतं. मनाप्रमाणं राहणं म्हणजे कुणाच्या मनाप्रमाणं, ते बघायला पाहिजे.

रताळं | १३ डिसेंबर
आज्जी एक नंबर.

पुण्याचा_पाव्हणा | १४ डिसेंबर
मूळचा खानापूरचा, आता पुण्यात. हेरवाडचं कुणी काढलं नाही अजून? शिरोळ तालुक्यातलं, कुरुंदवाडच्या पलीकडं, आपल्या सदलगा-बोरगावकडनं बघितलं तर शेजारचंच गाव. २०२२ च्या मे महिन्यात तिथल्या ग्रामपंचायतीनं ठराव केला: नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र-जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या पंचायतींना कित्ता गिरवायला सांगितला. करोनात तरणीताठी माणसं गेली, पंचविशीतल्या पोरींच्या बांगड्या फोडायची वेळ आली, तेव्हा गावाच्या डोळ्यांत पाणी आलं.

आपल्याकडं कुठल्या पंचायतीनं असं काही केलं असेल तर वाचायला आवडेल.

कडोलीकर | १४ डिसेंबर
इकडच्या पंचायतीत ठराव मांडायचा म्हटलं तर आधी मराठीत मांडायचा की कन्नडमध्ये यावर मीटिंग संपेल.

सह्याद्री_६५ | १४ डिसेंबर
आणि इतिवृत्त कन्नडमध्येच येणार. सीमाभागातली ८६५ गावं आमची, पण आज्जीच्या पेन्शनचं पत्र आलं की वाचायला शेजारच्या कन्नड मास्तरकडं पळायचं. १९८६ ला कन्नड सक्तीविरुद्ध मोर्चे निघाले त्यात बायका काय कमी होत्या? लाठ्या खाल्ल्या त्यांनी. आज त्याच बायका सत्तरीच्या आहेत आणि त्यांना

धागा_राखणदार | १४ डिसेंबर
सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, तो बंद पडलेला नाही. इथं विषयावर राहू या. (सह्याद्री, तुमचा उरलेला प्रतिसाद तिकडं हलवलाय.)

सह्याद्री_६५ | १४ डिसेंबर
पेन्शनचं पत्र विषयातच येतं की हो!

इरकल | १५ डिसेंबर
सगळे विधवांबद्दल बोलताय. मी जरा उलटीकडनं बोलते.

माझ्या आईला पंचाहत्तर चालू आहे, बाबा ऐंशीच्या पुढचे. गल्लीत अहेव बायकांत आई सगळ्यात मोठी, म्हणून ओटी भरायला पहिला मान तिचा. कुणाच्याही लग्नात हळद दळायला तिला बोलावणं. मान भरपूर! आणि घरी? बाबांना ताजी भाकरीच लागते, सकाळी एक, रात्री एक, तव्यावरनं ताटात. गुडघे गेलेत तरी ओट्याशी उभी. माहेरी भावाकडं चार दिवस जायचं तर "मग माझं जेवण?" डॉक्टर म्हणाले गुडघ्याचं ऑपरेशन करा, तर बाबांचा पहिला प्रश्न, किती दिवस झोपून राहणार.

आता शेजारच्या काकू. विधवा. २०२३ ला शक्ती योजनेची, बायकांना मोफत बस सुरू झाल्यापासून त्या आणि त्यांच्यासारख्या पाच-सहा जणी आधार कार्ड पिशवीत टाकून निघतात. सौंदत्ती, गोकाकचा धबधबा, एकदा तर थेट धर्मस्थळ. येताना करदंट, गोकाकची मिठाई, घेऊन येतात. शून्य रुपयाचं तिकीट त्यांनी देवाच्या फोटोला लावून ठेवलंय. मी विचारलं, काकू, काका असताना गेला असता काय? तर हसल्या. "अगं ते असताना मी बाजारात गेलो तरी घड्याळ बघून यायचो."

कुंकू नाही म्हणून कार्यात मागं उभं राहायचं आणि कुंकू आहे म्हणून घरातनं हलायचं नाही. यातलं कुठलं जास्त वाईट, मला खरंच ठरवता येत नाही.

निपाणीची_सून | १५ डिसेंबर
इरकलताई, शंभर टक्के! फक्त मोफत ते कर्नाटकात. आमच्या निम्म्या लेकीबाळी कोल्हापूर-कागलला दिलेल्या. देवाकडं फुकट आणि लेकीकडं जायचं तर कोगनोळीच्या हद्दीपुढं तिकीट.

रताळं | १५ डिसेंबर
लेकीपेक्षा यल्लम्मा स्वस्त.

गावकामगार | १५ डिसेंबर
इरकल यांचा प्रतिसाद पटला. आमच्याकडंही थोडंफार तसंच होतं. पण त्याला रिवाज जबाबदार की एकेका माणसाचा स्वभाव? आमचे वडील आईला तीर्थयात्रेला घेऊन जायचे.

इरकल | १५ डिसेंबर
"घेऊन जायचे." बरोबर. काकू जातात.

चिकोडीचा_वकील | १६ डिसेंबर
धागा चांगला चाललाय. कुंकवाबद्दल मी बोलत नाही, घरी बोलायला बायको आहे. जमिनीबद्दल बोलतो, कारण आमच्या टेबलावर म्हातारी बाई येते ती शेवटी जमिनीच्याच कागदासाठी.

आज ज्या बायका पासष्ट-सत्तरच्या पुढं आहेत त्या कायद्याच्या बरोबर फटीत सापडल्या. कर्नाटकानं १९९४ ला मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हिस्सा दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. यांची लग्नं तर सत्तर-ऐंशीच्या दशकातली. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनं ती अट गेली. मग वडील २००५ ला हयात होते की नव्हते यावर पंधरा वर्षं वाद चालला, तो सुप्रीम कोर्टानं २०२० ला मिटवला: हक्क जन्मानं आहे, वडील हयात असण्याची गरज नाही. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटणी झाली असेल तर ती मोडत नाही.

तोवर बहुतेकींनी सह्या करून दिलेल्या होत्या. आमच्या भागात हक्कसोडपत्राला बाई येते ती नवी साडी नेसून. साडी भावानं घेतलेली. सब-रजिस्ट्रारकडं जायच्या आधी मी विचारतो, आज्जी, हे काय आहे कळलंय ना? "कळलंय की. माहेर तुटाय नको." पुढं नवरा जातो, लेकाच्या नावावर सगळं करून दिलेलं असतं, आणि भाऊ पण गेलेला असतो. भाच्यांना आत्या दिवाळीपुरती आठवते, ती पण प्रत्येक दिवाळीला नाही.

करण्यासारखं काय आहे, तर बक्षीसपत्र करताना "माझा सांभाळ करायचा" ही अट कागदात लिहून घ्या, घ्याच. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली सांभाळ केला नाही तर ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं, पण अट नसेल तर लढाई अवघड होते. दाद मागायची एसी (असिस्टंट कमिशनर) साहेबांकडं, म्हणजे बेळगाव, बैलहोंगल किंवा चिकोडीच्या प्रांत कचेरीत. त्याच कायद्यात पोटगीही मागता येते, महिन्याला १०,००० पर्यंत.

येतात किती? फार थोड्या. आल्या तरी पुढच्या तारखेला मुलगाच रिक्षात घालून आणतो आणि बाई सांगते, साहेब, तक्रार नाही माझी.

कडोलीकर | १६ डिसेंबर
वकीलसाहेब, ती अट लिहा म्हणून लेकाला सांगायचं कसं? लेक म्हणणार, माझ्यावर विश्वास नाही?

चिकोडीचा_वकील | १६ डिसेंबर
वकिलानं सांगितलंय म्हणायचं. आमच्यावर तसाही कुणाचा विश्वास नसतो.

घटप्रभाकाठ | १६ डिसेंबर
शेतातलं काम पण लिहायला पाहिजे. रताळ्याचे वेल लावायला वाकलेल्या बायका बघा, निम्म्या साठीच्या पुढच्या. तरणी पोरं उद्यमबागेत कारखान्यात, सुना शाळेत शिकवायला नाहीतर दुकानात. नातवंडं बघायची, म्हैस बघायची आणि सुगीला शेतात पण. वडगावात मागवाल्यांच्या घरात कांड्या भरायला म्हाताऱ्याच बसलेल्या असतात. पगार कुणाला नाही, कारण "घरचंच काम की." पहाणीवर (आपल्याकडचा सातबारा) नाव नाही म्हणून शेतकरी म्हणून पण त्या कुठं मोजल्या जात नाहीत.

पुण्याचा_पाव्हणा | १७ डिसेंबर
आणि एवढं करून त्यांना "आता देव देव करा" म्हणून सल्ला. वेळ कुठाय देव देव करायला?

मलप्रभा | २१ डिसेंबर
सगळ्यांचे आभार. धागा मी सासूबाईंना वाचून दाखवला, थोडा गाळून. (रताळं, तुमचा पहिला प्रतिसाद गाळला नाही.)

यल्लम्माचं ऐकून म्हणाल्या, मला पण कुणीतरी हे विचारायला पाहिजे होतं. मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मेथी निवडत बसल्या. नंतर आपणहून सांगितलं. सासरे गेल्याच्या पहिल्या वर्षी त्या सवयीनं बाहेरच बसल्या होत्या. गल्लीतलीच एक बाई, रोजची चहाला येणारी, तिनं सगळ्यांना कुंकू लावलं, यांच्यापुढं आली आणि करंडा घेऊन तशीच पुढं सरकली. बोलली काही नाही. तेव्हापासनं त्या आत.

म्हणजे गावकामगार, आमच्या घरात तरी "स्वतःच लावून घेत नाही"चं मूळ हे निघालं. तुमच्या आईंचं वेगळं असेल. एकदा विचारून बघा.

आता ठरलंय ते असं. कुंकू त्यांना नकोच आहे. "आता त्याचं काय एवढं नाही मला." पण वाण त्या देणार, स्वतःच्या हातानं, दारात बसून, गृहलक्ष्मीच्या पैशातनं. मी प्लॅस्टिकचे डबे आणणार होते. ते रद्द. त्यांना स्टीलची चहाची गाळणी द्यायचीय, कारण प्लॅस्टिकच्या गाळणीला कडनं भोक पडतं म्हणे. रविवारपेठेत जाऊन भाव करून आल्या, एकट्या. बोलावण्याची यादी पण त्याच करतायत, त्यात गल्लीतल्या पाच विधवा आहेत. आणि ती करंडावाली बाई पण आहे. मी म्हटलं, तिला कशाला? तर म्हणाल्या, "ती पण आता माझ्यातच आली की. गेल्या वर्षी तिचा नवरा गेला."

ज्यांना पटणार नाही त्या येणार नाहीत. गाळण्या उरल्या तर घरात लागतातच.

रताळं | २१ डिसेंबर
मला एक गाळणी ठेवा. आयडियाचं कमिशन.

इरकल | २१ डिसेंबर
आईला घेऊन येते. बाबांची भाकरी दुपारीच करून ठेवते म्हणाली. बघू.

गावकामगार | २२ डिसेंबर
मला अजूनही वाटतं की असल्या गोष्टी घरातल्या घरात ठेवाव्यात, चारचौघांत वाचून दाखवू नयेत. पण गाळणीचा निर्णय योग्य आहे. आईला विचारलं. "तुला आज काय झालंय?" म्हणाली. पुढचं इथं लिहीत नाही.

निपाणीची_सून | २२ डिसेंबर
छान झालं हो. पण माझ्या अंगठ्याचं राहिलंच की सगळ्यांचं 😀 पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला पण तोच घोळ.

चिकोडीचा_वकील | २२ डिसेंबर
दाखल्याचं सोपं आहे. पीएफच्या पेन्शनला आता चेहऱ्यावरनं जीवन प्रमाण होतं, अंगठा लागत नाही. घरातल्या कुणाच्याही अँड्रॉइड फोनवर ॲप घ्या, पीपीओ नंबर (पेन्शनच्या कागदावरचा) आणि आधार जवळ ठेवा. आज्जींना उजेडात बसवा, पाठीमागं खिडकी नको. फोटो काढताना डोळे मिचकवायला सांगतं, ते आधी समजावून सांगा. पेन्शनवाल्यांसाठी पोस्टमन घरी येऊनही करून देतो.

रेशनचं वेगळं. आधार केंद्रात जाऊन बोटांचे ठसे परत घ्यायला लावा, दहाही बोटांचे. अंगठा गेला असला तरी एखादं बोट चालून जातं. बिडीवाल्यांची बहुतेक करंगळी शाबूत असते.

निपाणीची_सून | २३ डिसेंबर
ॲपवर झालं! डोळे मिचकवा म्हटल्यावर सासूबाई लाजून पदर तोंडावर घेत होत्या, "या वयात कुणाला डोळा मारू?" तिसऱ्या वेळी घेतलं. आधार केंद्राला सोमवारी जाते. करंगळीचं काय होतंय ते कळवते.